सोनेरी अक्षरांच्या आत काय?

एप्रिल महिन्यात आमच्या गावातल्या कॉलेज रोडवरची झेरॉक्सची दुकानं रात्री दहापर्यंत उघडी असतात. लग्नसराईतल्या कापड दुकानापेक्षा जास्त गर्दी! हातात पेन ड्राइव्ह घेतलेली मुलं-मुली, कुणाची पानं उलटी लागलीत, कुणाच्या मुखपृष्ठावर मार्गदर्शकांच्या नावाआधीचं 'डॉ.' राहून गेलंय. २०२५ च्या एप्रिलमध्ये मीही त्या गर्दीत उभी होते. भाचीला एम.ए.च्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प अहवाल बांधून घ्यायचा होता. आमचा नंबर आला तसं दुकानातल्या मुलानं विचारलं, "नुसतं बाइंडिंग, का आतलं पण?"

मला काही कळेना. "आतलं म्हणजे?"

"प्रोजेक्ट हो मॅडम. तयार आहेत. विषय सांगा, नाव-रोल नंबर टाकून देतो. साडेतीन हजार, बाइंडिंगसकट."

इतक्या सहजपणे म्हणाला, की जणू सामोशाबरोबर चटणी हवी का विचारतोय. भाची नुसती हसली. तिच्यासाठी ती जुनी गोष्ट होती. तिच्या वर्गातल्या कितीतरी जणांनी तेच केलं होतं. मी मात्र घरी आले तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण त्याच प्रकल्पापायी ही पोरगी दहा महिने कशी वणवण फिरली होती, ते मी बघितलं होतं.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या घरात या वर्षी, नाहीतर पुढच्या वर्षी हा प्रकल्प येणार आहे. आपण काय समजतो? शाळेत थर्मोकोलचा ज्वालामुखी करायचे तसलंच काहीतरी असेल. तसं नाही ते. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्या राज्यात पदव्युत्तर अभ्यासक्रम २०२३-२४ पासून बदलले. एम.ए., एम.एस्सी., एम.कॉम.च्या पहिल्या वर्षी 'संशोधन पद्धती' हा विषय चार क्रेडिटचा, आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प, तिसऱ्या सत्रात चार आणि चौथ्यात सहा क्रेडिट. म्हणजे दोन वर्षांच्या ८८ क्रेडिटपैकी दहा एकट्या प्रकल्पाचे. दोन-अडीच पेपरांएवढं वजन झालं ते! आधी बऱ्याच ठिकाणी प्रकल्प नको असेल तर त्याऐवजी पेपर देता यायचा. आता ती पळवाट बंद झाली.

पदवीलाही हे येतंय. बहुतेक संलग्न कॉलेजांत नवं धोरण २०२४-२५ पासून सुरू झालं. त्या मुलींपैकी ज्या तीन वर्षांवर न थांबता चौथं वर्ष करतील, त्यांना २०२७-२८ मध्ये 'संशोधनासह ऑनर्स' असा पर्याय असेल. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत, आणि त्या वर्षात बारा क्रेडिटचं संशोधन. पुढे थेट पीएच.डी.ला जायचं तर तो रस्ता आहे. धोरण म्हणून मला यात काही वाईट दिसत नाही. उलट आपल्या मुलींनी पाठांतर सोडून स्वतः काहीतरी शोधावं, हे कुणाला नको असेल? माझी तक्रार पुढची आहे. पाहुणे बोलावले खरे, पण घरात पाटही नाही आणि पाणीही नाही, अशी गत आहे.

भाचीची बॅच एम.ए.ची नव्या पद्धतीची पहिलीच. तिचा विषय समाजशास्त्र. गाव आमच्या तालुक्याच्या ठिकाणापासून अठरा किलोमीटर. जुलै २०२४ मध्ये तिला मार्गदर्शक मिळाले ते तासिका तत्त्वावरचे सर. तुम्हाला ठाऊकच असेल, आपल्या कॉलेजांतल्या कितीतरी जागा वर्षानुवर्षं भरल्या गेल्या नाहीत आणि तासावर पैसे घेणाऱ्या शिक्षकांवरच कारभार चालतो. हे सर बिचारे चांगले. विषय ठरवून दिला, 'बचत गटातील महिलांचे कर्ज व त्याचा वापर'. प्रश्नावली करून घेतली. साठ बायकांकडून भरून आणायला सांगितलं. पण दिवाळीनंतर ते आलेच नाहीत. दुसरीकडे कायमची नोकरी लागली म्हणे. त्यांना दोष कसा देणार? तासावरच्या पैशात घर चालवणाऱ्या माणसानं आलेली नोकरी सोडायची का? पण इकडे मुलं लटकली. दुसरी मॅडम मिळेपर्यंत जानेवारी उजाडला, आणि त्या मॅडमकडे आधीच एकवीस विद्यार्थी होते. शिवाय पेपर तपासणी, नॅकच्या फायली, निवडणुकीचं काम. एका मुलीला पंधरा दिवसांतून दहा मिनिटं मिळाली तर नशीब.

आता ते साठ फॉर्म. हे मला सविस्तर सांगायचंय, कारण खरी गोम इथंच आहे.

भाची पहिल्यांदा गावातल्या एका बचत गटाच्या बैठकीला गेली. अध्यक्षबाईंनी कौतुकानं बसवलं, चहा दिला. पंधरा बायका होत्या. ही एकेक प्रश्न वाचणार, त्या उत्तरं देणार. "कर्ज स्वतःच्या व्यवसायासाठी वापरले का?" हो. "घरातील निर्णयात सहभाग वाढला का?" हो. "आत्मविश्वास वाढला का?" हो, हो! पंधरा फॉर्म पाऊण तासात भरून झाले. सगळे सारखे. ही खूश होऊन माझ्याकडे आली. मी चाळले आणि म्हटलं, "अगं, यातली एक बाई शेळ्या पाळते असं लिहिलंय, तिच्या दारात मी कधी शेळी पाहिली नाही."

तिच्याही मनात तेच होतं. अध्यक्षबाई समोर बसल्यात, पुढचं कर्ज त्यांच्या सहीनं मिळायचंय, कोण बाई 'नाही' म्हणेल? शिवाय हातात कागद घेऊन आलेली मुलगी म्हणजे बायकांना बँकेची नाहीतर पंचायतीची वाटते. हे 'संशोधन पद्धती'च्या पुस्तकात असतं म्हणे. तिनं ते परीक्षेला लिहिलंही होतं. पण पुस्तकात वाचणं वेगळं आणि पंधरा खोटे फॉर्म मांडीवर घेऊन बसणं वेगळं.

मग ती एकेकीच्या घरी जायला लागली. दुपारी, बायका शेतातून आल्यावर. कुणाच्या भाकरी चालल्यात, कुणी शेंगा फोडतीय. ही बसायची, चार शेंगा स्वतः फोडायची आणि मग बोलायची. एका घराला दोन-दोन तास. अशा बोलण्यातून एका बाईनं सांगितलं, "लिहू नको, पण सांगते." तिच्या नावावर गटाचं कर्ज निघालं ते नवऱ्याच्या जुन्या मोटारसायकलसाठी. हप्ता मात्र तिच्या खुरपणीच्या मजुरीतून जातो. तो कमी पडला म्हणून आठवड्याला वसुली करणाऱ्या फायनान्सवाल्यांकडून दुसरं घेतलं, आणि ते फेडायला तिसरं. शेळ्या कागदावर होत्या. तिच्या शेजारणीचं वेगळंच, तिनं खरोखर शिलाई मशीन घेतलं होतं आणि दिवाळीत चांगले पैसे मिळवले होते. म्हणजे सगळं वाईट होतं असंही नाही. पण 'हो', 'नाही'च्या चौकटीत त्यातलं काहीच मावत नव्हतं.

अशा खऱ्या मुलाखती किती झाल्या? मार्चपर्यंत बावीस.

आता बावीसच का, याचा हिशेब मांडते. आजूबाजूच्या गावांत एसटी दिवसातून दोनदा. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून प्रवास तरी परवडला. पण संध्याकाळची गाडी चुकली तर परत येणार कशी? माझ्या भावानं स्पष्ट सांगितलं, पाच वाजेपर्यंत घरात पाहिजेस. वहिनीनं त्यावर कडी केली, "त्या गावात एकटी जाऊ नको, धाकट्याला ने." धाकट्याची बारावी. तिच्या वर्गातल्या मुलांना असलं काही बंधन नव्हतं. मोटारसायकलवर टांग टाकली की चार गावं फिरून आले. शिवाय फेब्रुवारीत तिला बघायला दोन स्थळं आली. प्रत्येक वेळी दोन-दोन दिवस गेले. मुलाकडच्यांनी एकदा विचारलंही, "गावोगाव हिंडायचं शिक्षण आहे का?" वहिनी घाईनं म्हणाली, "नाही नाही, आता संपलंच." मी तिथंच बसले होते. गप्प राहिले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पैशाचं बोलायचं तर, मुलींची फी माफ झाली असं आपण ऐकतो. ते खरंच आहे, पण जुलै २०२४ चा तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, आणि तोही आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला. समाजशास्त्राच्या एम.ए.ला त्याचा उपयोग नाही. आणि ज्यांना आहे त्यांनाही शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कच माफ. प्रवास, झेरॉक्स, टायपिंग, तीन प्रतींचं हार्ड बाइंडिंग यातलं काहीच त्यात धरलेलं नाही. भाचीचे सगळे मिळून बेचाळीसशे रुपये गेले. तयार प्रोजेक्ट साडेतीन हजारांत! खरं काम करणाऱ्या मुलीला सातशे रुपये जास्त पडले, आणि दहा महिने गेले ते वेगळेच.

वाचायला काय, हा दुसरा घोर. तिच्या कॉलेजच्या वाचनालयात बचत गटांवरची पुस्तकं होती ती वीस वर्षांपूर्वीची. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक देश, एक सदस्यत्व' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी, आणि जगभरातली सुमारे तेरा हजार संशोधन नियतकालिकं विद्यार्थ्यांना मोफत. वाचून बरं वाटलं. पण योजना केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी, आणि भाचीचं कॉलेज खासगी शिक्षण संस्थेचं. तिला ते दार उघडलं नाही. शेवटी कामी आलं ते गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं 'शोधगंगा'. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध तिथं फुकट वाचता येतात, मराठीतलेही. हे तिला मार्चमध्ये कळलं, तेही वर्गातल्या मुलीकडून. पहिल्या सत्रात कुणीतरी अर्धा तास बसवून दाखवलं असतं तर? तुमच्या मुलीला आजच सांगून ठेवा.

भाषेचं तर विचारूच नका. मुलाखती मराठीत, त्याही आमच्या बोलीत. संदर्भ इंग्रजीत. अहवाल मराठीत लिहायची परवानगी होती, पण मराठीत लिहायचं म्हणजे 'प्रतिसादक', 'नमुना निवड', 'चल' असले शब्द, जे त्या बावीस बायकांपैकी एकीलाही कळणार नाहीत. मग मुलं काय करतात? इंग्रजी उतारा उचलायचा, फोनवर भाषांतर करायचं, चिकटवायचं. आता तर चॅटजीपीटी आलंय. विषय टाकला की पानंच्या पानं, संदर्भांसकट, आणि त्यातली कितीतरी पुस्तकं अस्तित्वातच नसतात! भाचीनंही एकदा करून बघितलं. त्यानं तिला बचत गटांच्या बायकांचा आत्मविश्वास कसा वाढला ते सुरेख लिहून दिलं. अगदी त्या पहिल्या पंधरा फॉर्मसारखं.

चोरी पकडायला नियम आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंत जुळणारा मजकूर चालतो. त्यापुढे चाळीसपर्यंत सुधारून पुन्हा द्यायचा, चाळीस ते साठ असेल तर वर्षभर देता येत नाही आणि साठच्या वर नोंदणीच रद्द. कडक आहे की नाही? पण संगणक शब्द जुळवून बघतो. न गेलेल्या घरातला फॉर्म त्याला ओळखता येत नाही. वर्गात बसून वेगवेगळ्या पेनांनी भरलेले साठ फॉर्म शंभर टक्के 'ओरिजिनल' निघतात.

आणि तोच प्रश्न भाचीपुढे आला. नव्या मॅडम म्हणाल्या, साठ ठरले होते, बावीसवर कसं चालेल? तक्ते कसे करणार, टक्केवारी कशी काढणार? आठ दिवस राहिले होते. मैत्रीण म्हणाली, "राहिलेले अडतीस आपण रात्री बसून भरू. सगळेच भरतात." भाची माझ्याकडे आली. आत्या, काय करू?

खरं सांगते, माझं पहिलं उत्तर होतं, "भर की, कोण बघतंय!" मी शाळेत तीस वर्षं शिकवलं. माझ्या बी.एड.च्या वेळी कृतिसंशोधन असायचं. मी ते एका मोठ्या बहिणीच्या वहीवरून उतरवलं होतं, फक्त इयत्ता बदलून. मला त्यात चांगले गुण मिळाले आणि माझं काही अडलं नाही. त्यामुळे उपदेश करायचा हक्क मला नाहीच.

भाची थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आत्या, त्या काकूंनी मला 'लिहू नको पण सांगते' म्हणून सांगितलं. मी अडतीस 'हो' त्यांच्यावर ओतले तर टक्केवारीत त्या दिसणारच नाहीत. मग त्यांनी मला सांगितलं कशाला?"

यावर मला उत्तर देता आलं नाही. तिचं म्हणणं मी दादाला जसंच्या तसं सांगितलं. तो पहिल्यांदाच प्रकल्पाबद्दल नीट ऐकत होता.

तिनं बावीसच ठेवले. साठ का झाले नाहीत, बैठकीत भरलेले पंधरा फॉर्म का बाजूला ठेवले, हे तिनं चार पानं लिहिलं. गावाचं नाव बदललं, बायकांना क्रमांक दिले. मॅडम आधी चिडल्या, मग वाचून म्हणाल्या, "बरं, 'अभ्यासाच्या मर्यादा' या प्रकरणात नीट मांड. बाहेरचे परीक्षक विचारणारच." त्यांनी त्या दिवशी तिला दीड तास दिला. एकवीस विद्यार्थी सांभाळून! म्हणून मी म्हणते, शिक्षकांना वेळ मिळाला तर ते शिकवतात. वेळ मिळत नाही हे दुखणं आहे, आणि त्यावर औषध भरतीचं आहे, नवनव्या सॉफ्टवेअरचं नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलंच. तिनं सांगितलं. ते 'हं' म्हणाले आणि मुखपृष्ठावरची एक शुद्धलेखनाची चूक दाखवली. गुण आले ते ठीकठाक. साडेतीन हजारवाल्या तिच्या मैत्रिणीला अकरा जास्त मिळाले. भाचीला राग आला का? आला. दोन दिवस जेवली नाही नीट.

आपण घरातल्या बायका यात काय करू शकतो, असं तुम्ही विचाराल. मला वाटतं, एप्रिलमध्ये जागं होण्यापेक्षा जुलैमध्ये विचारावं. मार्गदर्शक कोण, त्यांच्याकडे किती मुलं, आणि ते मध्येच गेले तर पुढं कोण? हे मुलीनं लेखी विचारलेलं बरं. मार्गदर्शकच मिळत नसेल, किंवा कुणी भलतंच वागत असेल, तर गप्प बसायचं कारण नाही. आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायलाच हवी, तिच्यात बाईमाणूस हवं, आणि तक्रारीवर पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल द्यावा लागतो. त्यानं समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे जाता येतं. छळाची तक्रार असेल तर त्यासाठी अंतर्गत तक्रार समिती वेगळी. भाचीच्या कॉलेजात या समित्यांची नावं नोटीस बोर्डावर होती, काचेच्या आत, खालच्या ओळीत. तिनं दोन वर्षांत वाचली नव्हती.

आणि मुलीला गावात जायचं असेल तर 'जाऊ नको' म्हणण्याऐवजी आपण बरोबर जाऊ शकतो की! शेवटच्या सहा मुलाखतींना मी गेले. मला काही विचारायचं नव्हतं, मी नुसती ओसरीवर बसायचे. पण मी होते म्हणून दादानं साडेसहापर्यंत परवानगी दिली. सासूबाई माझ्याशी गप्पा मारत बसायच्या आणि आत सून मोकळेपणी बोलायची. हा फायदा तर आमच्या ध्यानीमनीही नव्हता.

मे महिन्यात भाची अहवालाची एक प्रत घेऊन त्या गावात गेली. 'लिहू नको पण सांगते' म्हणणाऱ्या काकूंच्या घरी. लिहिण्याआधी तिनं त्यांना विचारलं होतं, आणि नाव येणार नसेल तर लिही, असं त्या म्हणाल्या होत्या. आता त्यांनी काळ्या रेक्झिनवरच्या सोनेरी अक्षरांवरून हात फिरवला आणि पहिलाच प्रश्न केला, "माझं नाव कुठं नाही ना?" तिनं पान काढून दाखवलं. महिला क्रमांक १४. काकू दुसरीपर्यंत शिकलेल्या, त्यांनी वाचून दाखव म्हटलं. हिनं दीड पान वाचलं. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "हप्ते नऊ राहिले होते तवा. आता सात राहिलेत. ते नाही का बदलता येणार?"

छापून झालं होतं. भाचीनं पेन काढलं आणि समासात सात लिहिलं.